घुबडछाप कॅसेटी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नाशिकच्या सिडकोतल्या एका व्हिडिओ लायब्ररीत दुपारी जाऊन बसत असे. ती नोकरी नव्हती. दुकान एक ते चार बंद असायचं, शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि आत मी एकटा परदेशी सिनेमे पाहायचो. त्या बदल्यात प्रत्येक सिनेमाची गोष्ट एका कार्डावर मराठीत लिहून द्यायची, एवढंच काम.

दुकानाचे मालक निफाडकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. भरपाई मिळाली त्यातून त्यांनी दोन व्हीसीआर आणि शंभरेक कॅसेटी घेतल्या आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत लायब्ररी काढली.

हिंदी कॅसेटी मुंबईच्या एका माणसाकडून एसटीच्या पार्सलने येत. त्या माणसाला परदेशी सिनेमांचं वेड होतं. कुठल्या कुठल्या देशांतले, कधी कुठल्या थेटरात न लागणारे सिनेमे तो मिळवायचा, घरातच कॉपी करायचा आणि त्यावर टाइप केलेली निळी चिठ्ठी चिकटवून घुबडाचा रबरी शिक्का मारायचा. ती त्याची स्वतःची कंपनी. कंपनीत तो एकटाच. हक्क वगैरे त्याने कुणाला विचारले होते का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारलंही नाही. हिंदी कॅसेटी तो पोटासाठी विकायचा आणि घुबडं हौसेसाठी. पण हौसेला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याची अट होती: दहा हिंदी घेतल्या की दोन घुबडं घ्यायचीच.

अशी बारा घुबडं भाऊंच्या खालच्या फळीवर जमली होती. कोणी हात लावत नव्हतं.

“भाऊ, बिनगाण्याचा पिक्चर म्हणजे बिनमिठाचं कालवण.”

“भाऊ, घुबड घरात नेलं तर बायको मला घराबाहेर काढील.”

भाऊ हसायचे, पण त्यांना ते लागायचं. एक दिवस मी खालच्या फळीशी उकिडवा बसून त्या चिठ्ठ्या वाचत होतो तेव्हा ते म्हणाले, “ए कॉलेज, तुला विंग्रजी येतं ना? खाली पट्टीवर लिहून येतं सगळं. बघ आन् आपल्या भाषेत लिहून काढ. गोष्ट कळली तर लोक नेतील. लोक वाईट नाय, त्यांना कळत नाय म्हणून नेत नाय.”

मी हो म्हणालो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून आणि कॉलेजातलं इंग्रजी गाइडच्या जिवावर. पण मला इंग्रजी येतं का, असं त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर कदाचित नाहीच म्हणालो असतो. ते उघडलं नाही.

पहिल्याच दुपारी कळलं की ह्या पट्ट्या वाचणं माझ्याच्याने होणार नाही. एक वाक्य अर्धं लागेपर्यंत दुसरं यायचं. कॉपीची कॉपी असल्यामुळे अक्षरं फेसाळलेली, पडद्यावर बर्फ असला तर पांढऱ्यावर पांढरी. शब्दकोश मांडीवर असायचा, पण तो उघडेपर्यंत बोलणारा माणूस दार लावून निघून गेलेला असायचा. आणि भाऊंची सक्त ताकीद होती की पॉज दाबायचा नाही, टेप ताणते, व्हीसीआरचं हेड झिजतं.

म्हणून मी चेहरे पाहून गोष्ट लिहू लागलो. चार शब्द कळले की उरलेली गोष्ट मी घालायचो. वाईट हेतू नव्हता. अभ्यासात जे करायचो तेच इथे करत होतो. कार्डं चांगली उतरत होती, आणि खरंच एकेक घुबड फळीवरून हलायला लागलं. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “कॉलेजचा पोरगा लिहितो. सगळं वाचतो विंग्रजी, घडाघडा.” माझे वडील अंबडलाच एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी ते आमच्या आख्ख्या गल्लीला ऐकवलं. त्यानंतर खरं सांगायची सोय राहिली नाही.

त्या बारांतला एक सिनेमा नावाड्याचा होता. कुठल्याशा थंड देशातला म्हातारा लोकांना नावेतून नदीपार नेतो. नदीवर पूल बांधला जातोय आणि म्हाताऱ्याचा मुलगा त्याच पुलावर कामाला आहे. पूल झाला की बापाची नाव बंद. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी म्हातारा पुलाच्या मुकादमाला काही विचारतो, मुकादम दोन-तीन वाक्यं बोलतो. मग म्हातारा नाव मधोमध नेतो आणि एका फडक्यातलं काहीतरी हळूच पाण्यात सोडतो. संपलं.

मुकादमाची वाक्यं मला वाचता आली नव्हती. पण त्याची मला गरजही वाटली नाही. मी नाशिकचा. माणूस पाण्यापाशी उभा राहून फडक्यातलं काही नदीत सोडतो ते कशासाठी, हे रामकुंडावर लहानपणापासून पाहिलेलं. मी कार्डावर लिहिलं: “मुलगा पुलावरून पडून मरण पावतो. बाप त्याच्या अस्थी त्याच नदीत सोडतो.” लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

ती कॅसेट बालवाडीच्या बाईंनी नेली. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. आठवड्याला एक कॅसेट न चुकता न्यायच्या. दोन दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा मी दुकानात होतो. त्यांनी कार्ड पुढे केलं.

“हे तू लिहिलंस ना बाळ? तो मुलगा मेला कुठे? मी दोनदा बघितला. पडताना कुठे दाखवला नाही.”

“दाखवला नाही बाई, सांगितलंय. मुकादम सांगतो.”

“तसं लिहिलंय खाली? इंग्रजीत?”

भाऊ गल्ल्यावरून माझ्याकडेच पाहत होते, कौतुकाने.

“हो बाई,” मी म्हणालो. “स्वच्छ लिहिलंय.”

बाईंनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग “बरं” म्हणाल्या, दुसरी कॅसेट न घेता गेल्या.

त्या गेल्यावर भाऊ म्हणाले, “आज रिकाम्या गेल्या. असं व्हत नाय कधी.” आणि मग त्यांनी मला बाईंच्या मुलाचं सांगितलं. तो आखातात कामाला गेला होता. पहिल्या वर्षी त्याने एका ओळखीच्याबरोबर आईला व्हीसीआर पाठवला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही, दोन वर्षं झाली. “पडून राहिला तर बिघडतो म्हणून चालवत्यात बिचाऱ्या. पिक्चरची हौस नाय त्यांना एवढी.”

मी घरी गेलो. वडिलांनी विचारलं, आज कुठला पिक्चर वाचलास? मी काहीतरी उत्तर दिलं. जेवण गेलं नाही. मी एका माणसाला कागदावर मारलं होतं आणि त्याच्या आईला सांगितलं होतं की तसं स्वच्छ लिहिलंय. ती त्याची आई नव्हती, हे मला कळत होतं. पण त्याने बरं वाटत नव्हतं.

दोन दिवस मी लायब्ररीत फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि शटरच्या आत शिरताच, बसायच्या आधी, भाऊंना सांगितलं. मला वाचता येत नाही. म्हणजे येतं, पण इतकं भराभर नाही. ती ओळ मी वाचलेलीच नाही. बाकीच्या कार्डांतही पुष्कळ माझ्या मनाचं आहे.

भाऊंनी खालच्या फळीकडे पाहिलं. “म्हंजे बाराच्या बारा?”

“कमीजास्त.”

“आयला,” ते म्हणाले. “मला वाटलं तू सायब हायेस. तू तं माझ्यावानीच निघाला.” रागावले होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पायांत चपला सरकवल्या. “थांब. बाईंना घेऊन येतो. त्यांच्यासमोर बोल.”

बाई आल्या, स्टुलावर बसल्या. मी जमिनीकडे पाहत सगळं पुन्हा सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “लाव.”

भाऊंनी शेवटाकडे टेप पळवली. म्हाताऱ्याने मुकादमाला विचारलं, मुकादमाने तोंड उघडलं, आणि भाऊंनी आपल्या उरलेल्या बोटांनी पॉज दाबला. चित्र थरथरत थांबलं. मी शब्दकोश घेऊन पडद्याला नाक लावलं. एक शब्द, दुसरा शब्द. मग पुढची पट्टी, पुन्हा पॉज. दोन वाक्यांना किती वेळ लागला कोण जाणे, भाऊंनी एकदाही हेडचं नाव काढलं नाही.

“शुक्रवारी त्याने पगार घेतला,” मी म्हणालो, “आणि निघून गेला. पत्ता ठेवला नाही.”

“नक्की?” भाऊंनी विचारलं.

“नक्की.”

“मग ते पाण्यात काय सोडलं त्यानं?”

“भाकरी,” बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. “रोज पुलाखाली जाऊन डबा ठेवून येतो की तो पोरासाठी, त्याच फडक्यात बांधून. त्या दिवशी न्यायला पोरगा नव्हता, तर माशांना घातली. आणि नंतर ते फडकं झटकून, घडी करून खिशात ठेवलं. बघ परत लावून. अस्थींचं फडकं कुणी खिशात ठेवतं का?”

भाऊंनी परत लावून पाहिलं. म्हातारा फडकं झटकतो, चौघडी करतो, कोटाच्या खिशात घालतो. मी ते पूर्वीही पाहिलं होतं. दिसलं नव्हतं.

“पगार घेतला म्हणजे स्वतःच्या पायांनी गेला,” बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या, कळलं नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी बाराही सिनेमे पहिल्यापासून पाहिले, या वेळी पॉज दाबत. जिथे अडलो तिथे कार्डावर तसंच लिहिलं: “इथे दोघे काय बोलतात ते मला कळलं नाही.” गिऱ्हाइकं हसली. “काय रे, ही तुझी गोष्ट की प्रश्नपत्रिका?” पण अंबडचे एक इंजिनिअर, जे कंपनीतर्फे परदेशात शिकून आले होते, एका कार्डावर माझ्या ओळीखाली पेन्सिलने उत्तर लिहून गेले. मग त्यांना शोधून मी आणखी तीन जागा विचारून घेतल्या. वडिलांनाही सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे अजून शिकायचंय,” आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

बाई पुढच्या आठवड्यात हिंदी कॅसेट न्यायला आल्या. मी नावाड्याचं नवं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि मला परत केलं.

“पगार घेतल्याचं लिहिलं नाहीस.”

मी पेन काढलं. खाली जागा उरली नव्हती, म्हणून कार्ड आडवं धरून ती ओळ कडेने लिहिली. लिहून होईपर्यंत बाई थांबल्या होत्या.