पुंजारामच्या वहीतले तणमोर

आमच्या गावात पुंजाराम गावंडेला कोणी तोंडावर वेडा म्हणत नाही. म्हटलं की तो वही काढतो, आणि ती वही एकदा उघडली की अर्धा तास गेलाच समजा.

वही म्हणजे बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळणारी जाड डायरी. अशा एकोणीस डायऱ्या त्याच्या घरी लोखंडी पेटीत आहेत. त्याच्या बायकोच्या, कौशल्याबाईंच्या लग्नातल्या साड्या त्याच पेटीत होत्या, त्या आता गाठोड्यात बांधून फडताळावर गेल्या. डायरीवर तारखा छापलेल्या असतात, पण त्याला त्यांच्याशी घेणं नाही. त्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. पानावर रेघा आखून रकाने केलेले. रोही, काळवीट, कोल्हा, लांडगा, तितर, आणि सगळ्यात शेवटचा रकाना तणमोराचा.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात गवताळ रानात येतं आणि गवतातच राहतं. नर तेवढा अधूनमधून गवतातून हातभर वर उडी मारतो, एक क्षण दिसतो आणि पुन्हा आत गडप. मी मॅट्रिकला होतो तोवर असं काही पाखरू आपल्या शिवारात आहे हे मला माहीत नव्हतं. देशात आता फार थोडे उरलेत, हेही नंतर कळलं.

मळ्यातून भाजी घेऊन गावात आणि पुढे पातूरच्या बाजाराला जायची पुंजारामची वाट ई-क्लासमधून जाते. ई-क्लास म्हणजे गावाची सरकारी चराईची जमीन, दीडशे एकर नुसतं गवत आणि मध्ये चार-दोन बाभळी. वीस वर्षांपूर्वी पाहणीला आलेल्या काही शिकलेल्या पोरांनी त्याला वाटेत थांबवून विचारलं, काका, काय काय दिसतं इथं? त्यानं सांगितलं, पोरांनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी तो त्यांची वाट पाहत राहिला, कोणीच आलं नाही. त्याला राग आला. कोणी विचारत नाही म्हणून मोजायचं थांबायचं काय, असं म्हणून त्यानं स्वतःच वही सुरू केली.

मोजायची त्याची रीत ठरलेली. सदऱ्याच्या उजव्या खिशात मूठभर तुरीचे दाणे. सायकलवर मेथीच्या जुड्या, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, वांगी. तणमोरानं उडी मारली की उजव्या खिशातला एक दाणा डाव्या खिशात. घरी येऊन डावा खिसा रिकामा करायचा, दाणे मोजायचे, मग लिहायचं. ज्या साली एकही दिसला नाही त्या साली शून्य. दोन शून्यं आहेत त्याच्या वह्यांत, आणि ती त्यानं लपवलेली नाहीत.

आणखी एक नियम होता, आणि सगळं घडलं ते त्या नियमापायी. आमच्याकडे जुनी माणसं खळ्यावरची रास मोजत नाहीत. कोणी विचारलं किती झालं, तर म्हणतात, आहे देवाच्या दयेनं. धान्य घरात आलं की मगच आकडा तोंडातून निघायचा. आता सोयाबीन थेट यंत्रातून पोत्यात पडतं, खळंच राहिलं नाही, मग रीत कुठली राहणार? पुंजारामनं ती पाखरांसाठी ठेवली. अंड्यावर बसलेली मादी त्याच्या हिशेबी खळ्यावरची रास होती. पिल्लं चालायला लागली की मगच वहीत.

आता मी कोण, ते सांगतो. माझं नाव अमोल. ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देतो. माझं डोकं लवकर तापतं, हे माझ्या बायकोला विचारायची गरज नाही, साऱ्या गावाला माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात ई-क्लासची जमीन सौर पॅनेलसाठी भाड्यानं द्यायचा ठराव झाला. सरपंच देवानंदभाऊंनी सांगितलं आणि मी टाईप केलं, "सदर जमीन पडीक असून तेथे वन्यजीवांचा वावर नाही." माझ्याच बोटांनी. दुसऱ्या दिवशी पुंजाराम माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "वाच," म्हणाला. मी वाचलं. तो पाठ फिरवून निघून गेला. पण आठ दिवसांत त्याचा हरकतीचा अर्ज वनखात्यात गेला, सोबत एकोणीस वह्यांच्या झेरॉक्स. त्या काढायला मीच मदत केली. लाज वाटली होती ना.

वनाधिकारी साधना मॅडमचा फोन आला, तोही माझ्याच मोबाईलवर. जुन्या नोंदी चांगल्या आहेत, पण यंदाचं काय? यंदा पाखरू आहे असं दिसलं तर प्रस्ताव परत जाईल. नाही तर अवघड आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी पाहणीला येते.

आणि त्या वर्षी पाखरू नव्हतं. जुलै गेला, डावा खिसा रिकामाच. मी रोज सकाळी त्याच्या सायकलला आडवा जायचो. "दिसला काय भाऊ?" तो मान हलवायचा. ऑगस्टचा पहिला आठवडा गेला, तेव्हा मी म्हणालो, "दोन लिहून टाक ना. कोन पाहाले येते?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

पाहणीच्या तीन दिवस आधी तो सकाळीच घरी आला. हातात सांबाराची जुडी. बसला, पाणी प्यायला, आजूबाजूला पाहिलं.

"मोठ्या बाभळीच्या खालतून मादी बसून रायली. चार अंडे हायेत."

मी उभाच राहिलो. "मंग लिवलं काय?"

"नाई. घरात आलं का मोजाचं."

"भाऊ, गुरुवारी मॅडम येऊन राहिल्या!"

"येऊ दे. पंधरा दिवस मांगतो तिले. तवर पिल्लं चालाले लागतीन. आज लोकं तिथी नेले तं उद्या पाखरू तिथी नसन." मग जाता जाता दारात थांबला. "तुले सांगतलं. आनखी कोनाले सांगजो नोको."

तीन रात्री मला धड झोप नाही. एकीकडे वाटायचं, सांगून टाकावं, जमीन वाचेल. दुसरीकडे त्याचा शब्द. जमीन गेली तर ती चार पिल्लं चालून कुठं जाणार होती?

गुरुवारी दहा वाजता जीप आली. मॅडम, दोन वनरक्षक, कंपनीचा एक इंजिनिअर, आणि देवानंदभाऊंसोबत गावातली पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाईल. पुंजारामनं धुतलेला सदरा घातला होता. बाभूळ आमच्यापासून शे-दीडशे पावलांवर होती. तिकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी डोळे तिकडेच जायचे. तो मात्र बाभळीकडे पाठ करून उभा होता.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून पानं उलटली. शांतपणे, एकेक. शेवटी त्या वर्षीचं पान आलं. तणमोराचा रकाना कोरा.

"यंदा काहीच नाही, काका?"

"मॅडम, पंधरा दिवस द्या. मंग सांगतो."

"का पण? काही पाहिलंय का तुम्ही?"

तो उजव्या खिशात हात घालून दाणे चाळवत राहिला. त्यांचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. हुशार बाई. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाल्या, "ठीक आहे. मुदतीचा अर्ज द्या. मी वर बोलते. आणि पुढच्या वेळी मी एकटीच येईन."

झालं होतं. अगदी झालं होतं! मॅडमचा पाय जीपच्या पायरीवर होता. आणि देवानंदभाऊ हसले.

"पंधरा दिवसात पाखरू काय येष्टीनं येनार हाय? मॅडम, याच्या वह्या तं घरी खाटेवर बसून लिवेल हायेत. एकोनीस वर्षं झूठ लिवून रायला हा मानूस!"

सगळे हसले. पुंजाराम नाही हसला. ज्या माणसानं आपली दोन शून्यं झाकली नाहीत त्याला खोटारडा म्हणतात, हे मला सहन झालं नाही. कानशिलं तापली आणि मी ओरडलो,

"झूठ? त्या बाभळीखाली जाऊन पाहा! चार अंडे हायेत तिथी!"

पुढचं सांगायला मला जड जातं. मॅडम "थांबा, कोणी हलू नका" म्हणून ओरडल्या. वनरक्षक धावले. पण पंधरा-वीस माणसं मोबाईल वर धरून बाभळीकडे सुटली होती. पुंजाराम त्यांच्या पुढे पळत होता, एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात पसरून. "अरे नोको रे, नोको!" दहा पावलांवर गवत हललं आणि ती उठली. मातकट रंगाची, लांब मानेची. जमिनीला धरून उडाली आणि नाल्यापलीकडे गेली. सगळ्यांनी पाहिलं. अंडी चार होती.

मॅडमनी सगळ्यांना मागे हाकललं, दुरूनच फोटो घेतला, वेळ लिहिली. देवानंदभाऊंचा चेहरा उतरला होता. प्रस्ताव तिथंच अडला, हे इंजिनिअरलाही कळलं. कोणीतरी पुंजारामच्या पाठीवर थाप मारली. "जितला रे भाऊ!" त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस तो दूर बांधावर बसून राहिला, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मेथी वाफ्यातच पिवळी पडली. कौशल्याबाई भाकरी घेऊन जायच्या आणि बहुतेक तशीच परत आणायच्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तर त्यानं लांबूनच हातानं परत फिर म्हणून खुणावलं. मादी आली नाही. चौथ्या दिवशी बाभळीवर कावळे दिसले तेव्हा तो उठून गेला. खाली नुसती टरफलं होती.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. भाजी द्यायचा, पैसे घ्यायचा, बस. नोव्हेंबरात वनखात्याचं पत्र पंचायतीत आलं. प्रस्ताव रद्द, जमीन गवताळच राहणार. खाली नोंद होती: तणमोर, मादी एक, अंडी चार. ते पत्र मी स्वतः त्याच्या घरी घेऊन गेलो. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं, पेटी उघडली, त्या वर्षीची वही काढली. माझ्याच खिशातला पेन मागून घेतला आणि कोऱ्या रकान्यात शून्य लिहिलं.

"भाऊ," मी म्हणालो, "सरकारनं तं एक लिवला."

"सरकारले दिसलं थे सरकारनं लिवलं. आपल्या घरात काई आलं नाई." त्यानं पेन मला परत दिला. "आन पुढच्या साली मले इचारजो नोको."

मी मान हलवली आणि घरी आलो. मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

या जुलैतली गोष्ट. सकाळी पुंजाराम ई-क्लासच्या वाटेनं आला आणि माझ्या दारात सायकल थांबवली. मी कौशल्याबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं, तर तो बराच वेळ तेच सांगत राहिला. एवढं बोलणं आमचं वर्षभरात झालं नव्हतं. बोलता बोलता त्याचा हात दोनदा डाव्या खिशाकडे गेला. दुसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत थांबला.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी दहा रुपयांचा सांबार घेतला आणि म्हणालो, "पाऊस बरा हाय यंदा."

"हाव," तो म्हणाला. "बरा हाय." आणि सायकलवर बसून पातूरकडे गेला.