दीपमालाची पहिली कोकण सहल

पांढरकवड्याच्या कापड दुकानातली नोकरी सोडून दीपमालानं बायकांच्या सहली काढायचं ठरवलं, तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं. काढू दे. गावाचं ऐकून कुणाचं भलं झालंय? पण ही पहिली सहल फसली तर दुसरीला कुणी फिरकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडीत मैनाबाई होत्या ना! त्यांनी एकदा नाव ठेवलं की आपल्या केळापूर तालुक्यात ते पुसलं जात नाही.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा छान झाला. ब्रह्मदेशाचा, बुद्धाला मानणारा राजा इंग्रजांनी इथं आणून ठेवला होता, हे दीपमालानं सांगितलं आणि बायका हात जोडूनच पायऱ्या चढल्या.

घोळ झाला अलिबागला. कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं म्हणून तिनं सगळ्यांना हौसेनं आणलं, तर किल्ला समोर आणि मध्ये पाणीच पाणी. लॉजवर तिनं रस्ता विचारला होता, भरती-ओहोटी नाही. समुद्रच नसलेल्या आपल्या जिल्ह्यात कोण विचारतं? त्यात वाऱ्यामुळे होड्याही बंद.

"काहून वं, चालत नेतो म्हनत होती ना?" मैनाबाई कडाडल्या. "अन् पुरात आणून उभं केलं!"

"चुकलं माह्यं, मावशी. पानी उतराले लय वेळ हाय म्हन्तात. वापस जाऊ काय?"

"वापस? नाल्याले पूर आला त आपन घर सोडून पळतो काय? काठावर बसतो. बसा वं समद्या!"

बसल्या. तिखट पुऱ्या निघाल्या, ठेचा निघाला. नाल्याकाठी रोवतात तशी मैनाबाईंनी पाण्याच्या कडेला काडी रोवली. पाणी मागं सरकलं की त्या ओरडायच्या, "उतरून राह्यलं वं!" आणि पुढं दुसरी काडी रोवायच्या. दुपार कलली तशी ओली वाळू उघडी पडली. लुगडी खोचून सगळ्या निघाल्या. चिखल तुडवण्यात हयात गेलेल्या बायका त्या, त्यांना कसली भीती?

या वेळी मात्र दीपमालानं आत शिरण्याआधीच एका होडीवाल्याला गाठून पाणी परत कधी चढतं ते विचारून घेतलं. वेळ होताच सगळ्यांना बाहेर हाकललं. मैनाबाईंना फोटोसुद्धा काढू दिला नाही.

गाडीत बसल्या बसल्या मैनाबाईंनी नणंदेला फोन लावला. पुढच्या सीटवरून दीपमाला मागं वळून ऐकू लागली.

"लय खेकसते वं ही पोरगी," मैनाबाई साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत होत्या. "पन समुद्रातून पायी नेते अन् कोरडी वापस आनते. पुढच्या बारीले तुही जागा धरून ठेवतो. खिडकी मात्र माही."