सरांच्या वहीतले माझे दहा गुण

आदरणीय डॉ. मुकुंद नेरकर सरांच्या एकसष्टीच्या निमंत्रणपत्रिकेत माझा एक छोटा मजकूर छापला आहे. त्यात मी लिहिलं होतं की, सरांनी भरलेल्या माझ्या समोरच्या दाताला मी दहापैकी दहा गुण दिले, कारण तो तितका सुंदर झाला होता. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध खोटा. चौथीपर्यंत मला आई-वडिलांनी घरीच शिकवलं. तिथे चुकलेलं खोडायची परवानगी नव्हती. त्याखाली बरोबर काय ते लिहावं लागे. म्हणून हा लेख.

सरांची आणि माझी ओळख १९९८ साली झाली. मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गंगापूर रोडवर लूनावरून पडले. वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला. सरांनी तासभर खपून तो भरला आणि मला दवाखान्याबाहेरच्या ओट्यावर नेलं. तिथे भिंतीवर आरसा होता. दिव्याखाली सगळेच दात बरे दिसतात, खरं काय ते उन्हात कळतं, असं सरांचं म्हणणं.

"दहापैकी किती?" त्यांनी विचारलं. हातात वही. वहीत समोरच्या प्रत्येक दातासाठी दोन रकाने, एक पेशंटचा, एक सरांचा. सर स्वतःचे गुण आधी लिहून कागद दुमडून ठेवत, पेशंटला भीड पडू नये म्हणून.

मला माझा दात शेजारच्यापेक्षा फिकट दिसत होता. पण पुढ्यात सर उभे होते. मी "दहा" म्हणाले. सरांनी घडी उलगडली. त्यांनी स्वतःला सहा दिले होते.

पुढच्या वर्षी मी सरांकडेच मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा कळलं की हे दोन रकाने क्वचितच जुळतात. निफाडचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांच्या दाताच्या कडेला सरांना बारीक रेघ दिसली आणि सरांनी चार लिहिले. काका दहा देऊन पायऱ्या उतरू लागले. सर त्यांच्यामागे धावले.

"थांबा, पुन्हा करून देतो. रेघ दिसतेय."

"कुणाला दिसतीय, डॉक्टर?"

"मला."

"मंग तुमी नका बघू. 'सासूबाई' म्हणताना शिट्टी वाजत नाय आता, मला लय झालं."

सरांनी त्यांना चहा पाजून परत खुर्चीत बसवलंच.

उलट सिन्नरच्या एका शिक्षिकेच्या दातासाठी सरांनी स्वतःला चक्क नऊ दिले होते. बाईंनी दिले चार. "फार पांढरा झालाय हो. वर्गातली पोरं म्हणतील, बाई नवा दात बसवून आल्या." मी असते तर बाईंची समजूत घालत बसले असते. सरांनी "बरोबर आहे तुमचं" म्हणून वरचा थर उतरवला आणि हलकी पिवळी झाक दिली. पेशंटचे गुण कमी आले की सर पेशंटला शिकवत नाहीत, स्वतः शिकतात.

माझ्या पहिल्या फिलिंगला तीन गुण मिळाले तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन रडले. सरांनी त्यांची सर्वांत जुनी वही आणून एक पान उघडलं. त्यावर दोन गुण होते. "हे माझ्या सासऱ्यांनी दिलेत," ते म्हणाले, "आणि अजून बदललेले नाहीत."

अशा माणसाशी मी खोटं बोलले. त्याचा परिणामही झाला. दर दिवाळीच्या सुट्टीत सर वही वाचून काढतात आणि त्यावरून कामात फरक करतात. एका वर्षी म्हणाले, "वैशाली, मला फिकट वाटलेल्या छटेला तू दहा दिलेस. तू तर दातांतलीच जाणकार. तरुण मुलींना तीच आवडत असणार." आणि ती छटा त्यांनी आणखी तीन मुलींच्या दातांना लावली. तिघींनीही भिडेखातर नऊ-नऊ दिले. मग तिसरीची आई लग्नाचा अल्बम काखेत मारून आली.

"बघा डॉक्टर! सगळ्या फोटोंत पोरीचा एकच दात हसतोय!"

सरांनी माफी मागितली आणि दात नव्याने भरून दिला. नंतर मला हळूच विचारलं, "तुझीच छटा होती गं. कुठे चुकलं असेल?" मी धुतलेली अवजारं पुन्हा धुवायला घेतली. माझ्या त्या दहा गुणांच्या भरवशावर ती छटा अजून वापरात आहे.

सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर वर्षं मिळोत, आणि त्यांच्या ओट्यावर तोंडावर खरं सांगणारी माणसं येत राहोत, ही माझी मनापासून इच्छा. पण आधी मी त्यांतली एक व्हायला हवं. हा लेख असलेला गौरव अंक सरांच्या हाती रविवारी सत्काराच्या वेळी पडेल. त्यांना ही गोष्ट छापील कागदावरून कळू नये. माझे खरे गुण पाच, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गुणांपेक्षाही एक कमी. ते मी त्यांना ओट्यावर, उन्हात, पहिला पेशंट यायच्या आत सांगणार आहे, शनिवारी, ११ डिसेंबरला.