कोण गेलं हो?

होडीला लावलेलं इपॉक्सी वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, बसून गप्पा मारायच्या. त्यामुळे आमची होडी जसजशी पुढे सरकली तसतसे किस्सेही साठत गेले. आता सोसायटीत कुणाकडे चहाला गेलं की होडीचा विषय निघाल्याशिवाय कप रिकामा होत नाही. सगळे हसतात, मीही हसतो. पण माझ्या वाट्याचे किस्से भीतीचे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा पंचवटीतला. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठावर लहानाचा मोठा झालो, पण रामकुंडाच्या दुसऱ्या पायरीपुढे कधी उतरलो नाही. काठावर बसून तांब्याने अंघोळ केली की मला पुण्य मिळतं. पोहता येत नाही आणि खोल पाणी पाहिलं की मी मागे सरकतो.

जयंत आणि बापू हे माझे सिन्नरच्या कंपनीतले सोबती. जयंत मेंटेनन्सला आहे, व्हिडिओ बघून काहीही बनवतो. एकदा कंपनीच्या बसमध्ये त्याने जाहीर केलं की तो प्लायवूडची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, बनवणार आणि वरून फायबरग्लास चढवणार. घरी येऊन मी ही गोष्ट गंमत म्हणून बायकोला सांगितली. निर्मला पोळ्या लाटत होती. किती जणांची, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, एकाची असेल.

"दोघांची करायला सांगा. मी चालवणार आहे," ती म्हणाली.

पन्नाशी उलटल्यावर निर्मलाने पोहायचा क्लास लावला होता. का, म्हणून विचारलं की म्हणायची, लागेल कधीतरी. जयंतने होडी बनवायला आमच्या सोसायटीचं पार्किंग निवडलं. ते 'कधीतरी' आता तिथे येऊन बसलं आणि माझी झोप उडाली.

*

इपॉक्सीचा नियम सोपा आहे. रेझिनमध्ये हार्डनर घातला की मिश्रण मगात राहू द्यायचं नाही, लगेच पसरायचं. मगात राहिलं की ते आपलं आपण तापतं. जयंतने हे बजावून सांगितलं होतं. पण बापूच्या घरी भज्यांचं पीठसुद्धा थोडं थोडं कालवत नाहीत. त्याने मोठ्या प्लास्टिकच्या मगात सगळं एकदम कालवलं आणि तेवढ्यात त्याला सासऱ्यांचा फोन आला.

सासऱ्यांच्या फोनवर 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलायचं असतं, पण ते बराच वेळ बोलायचं असतं. एप्रिलचं ऊन. मगातून आधी धूर आला, नंतर तो मग वाकडा झाला. बापूने तो उचलून पार्किंगमधल्या वाळूच्या बादलीत टाकला, तरी फोन कानाला होताच. सासऱ्यांनी विचारलं असावं, कसला आवाज. "काय नाय मामा, होडी शिजतीय," बापू म्हणाला.

मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होतो. फायर ब्रिगेडला फोन करायला वर पळालो, असं मी सगळ्यांना सांगितलं. निर्मलाने फक्त पार्किंगमधल्या टेबलाकडे बोट दाखवलं. माझा फोन तिथे, खालीच, पडला होता.

*

कापड घालायचा दिवस मी विसरणार नाही. होडी पालथी करून बांबूंवर ठेवली होती. बांबू गणपतीच्या मांडवातले, उरलेले. लांबट, निमुळती होडी, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, पांढरंशुभ्र कापड. आम्ही तिघं तोंडाला मास्क लावून दोन्ही बाजूंना उभे राहून हाताने सुरकुत्या काढत होतो. कुणी बोलत नव्हतं.

सोसायटीतल्या पाठककाकू भाजी घेऊन गेटमधून आल्या. थबकल्या. हातातली पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

जयंत आणि बापू हसून हसून भिंतीला टेकले. काकूही नंतर हसल्या. मला मात्र हसू येईना. कारण मी त्या कापडाकडे पाहिलं, आणि मला तेच दिसलं जे काकूंना दिसलं होतं. फक्त मला नावही दिसलं.

जयंतने रेझिन ओतायला सुरुवात केली. कापड भिजत गेलं तसं नाहीसं होत गेलं आणि खालून लाकूड वर आलं, मधासारखं. सगळे वा वा करत होते. मी म्हटलं, सगळीकडचं पांढरं जाऊ दे, कुठे काही राहू देऊ नको.

*

मधला एक किस्सा खाजेचा. वाळलेला थर पॉलिश पेपरने घासला की काचेची धूळ उडते. घासताना घातलेले कपडे मी भाबडेपणाने वॉशिंग मशीनमध्ये टाकले, घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर. दोन दिवसांनी पुतणीची हळद होती. आमच्या घरचे तेवढे खाजवण्यावरून ओळखू येत होते. व्याही आपसात कुजबुजले आणि आमच्या जवळची खुर्ची सोडून लांब जाऊन बसले.

*

पण एका ठिकाणी पांढरं राहिलंच. मागच्या सीटच्या खाली, तळहाताएवढं. तिथे कापड रेझिन प्यायलं नव्हतं. रुपयाच्या नाण्याने ठोकलं की पोकळ वाजायचं. जयंतने तेवढा भाग कापून काढला, नवा तुकडा लावला, पुन्हा रेझिन दिलं, आणि ती जागा आता सगळ्यात मजबूत झाली म्हणाला. मी मान हलवली. मग रोज सकाळी बससाठी निघण्याआधी पार्किंगमध्ये वाकून ती जागा नाण्याने ठोकायचो आणि कान लावायचो.

एके दिवशी तिथे जास्वंदीचं फूल वाहिलेलं दिसलं. पाठककाकू म्हणाल्या, "तुम्ही रोज नमस्कार करता ना, म्हणून मी पण सुरू केला." मी नाही म्हटलं नाही. फुलाने काही वाईट होणार नव्हतं.

*

होडी पाण्यात घालायला आम्ही घोटीच्या पुढे गेलो, एका धरणाच्या बॅकवॉटरला. आदल्या आठवड्यात निर्मलाने लाइफ जॅकेट आणलं होतं. मी तिला घालून बघायला लावलं, तर ते तिच्या खांद्यावरून घसरत होतं. एवढं मोठं जॅकेट पाण्यात वरच निघून जाईल, बदलून आण, म्हणून मी आठवडाभर मागे लागलो होतो. बघू, म्हणाली. काठावर आल्यावर तिने क्लासच्या बाईंकडून आणलेलं दुसरं, मापाचं जॅकेट घातलं आणि ते मोठं मागच्या सीटवर टाकलं.

भाताच्या खाचराच्या बांधावर एक शेतकरी उभा होता. त्याने होडी एका हाताने उचलून पाहिली. "लय हलकी हाय. वारा सुटला तं जाईल," तो म्हणाला. हे ऐकल्यावर मागच्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न निघाला. जयंतची कंबर एकाएकी धरली. बापू म्हणाला, माझं वजन हाय जास्त. ज्यांनी होडी केली ते दोघं काठावर उभे राहिले आणि जिने रेझिनला हातही लावला नव्हता ती आत जाऊन बसली.

मी घरून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली होती. एक टोक होडीच्या मागच्या कडीला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. निर्मलाने ते पाहिलं आणि वल्हं मारलं.

होडी सरकली. माझ्या डोळ्यांसमोर फक्त मागच्या सीटखालची ती जागा होती. दोरी सुटत गेली, मग ताणली. ती लांबून ओरडली, दोरी सोडा. मला ऐकू येत होतं, पण मनगटाची गाठ सोडायला हात जात नव्हता. मनात ते पांढरं कापड, आणि काकूंचा तो आवाज. देवा, हिला परत आण, एवढंच मी म्हणत होतो.

मागून जयंतचा आवाज आला. "अरे, खाली बघ!"

मी खाली बघितलं. पाणी कमरेच्या वर आलं होतं. दुसऱ्या पायरीपुढे न उतरणारा मी, दोरीमागे चालत आत आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. आता पुढे जाता येईना, मागेही वळता येईना.

निर्मलाने होडी वळवली. घाई केली नाही. हळूहळू वल्हवत माझ्याजवळ आली आणि मागच्या सीटवरचं ते मोठं जॅकेट उचलून माझ्यापुढे धरलं.

"घाला," ती म्हणाली. "तुमच्याच मापाचं आहे."