उरलेल्या चार गोळ्या

लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले ती अख्खं औषधांचं दुकान पर्समध्ये घालूनच. कॅम्पसच्या बसमध्ये शेजारी एक मराठी मुलगी बसली होती. मनगटाने चष्मा वर ढकलायची, बसच्या दांड्याला बोट लावायची नाही. ती शिंकली मात्र, मी कर्णाच्या थाटात स्ट्रिप पुढे केली.

"घे गं, अँटिबायोटिक आहे. पुण्याहून आणलंय."

तिने ती उलटसुलट पाहिली. "काकू, यातल्या बाकीच्या कोणी घेतल्या?"

"लेकीनं. आठवा महिना आहे, लघवीला जळजळत होतं. दोन दिवसांत गायब! मग उरलेल्या जपून ठेवल्या."

ती हसली नाही. "माझं रिसर्च हेच आहे. गरोदर बायकांच्या लघवीतल्या जंतूंचा अख्खा जीनोम, जनुकांचा सगळा आराखडा, वाचायचा, म्हणजे कुठलं औषध त्या जंतूंवर चालणार नाही ते कळतं. काकू, जळजळ थांबली म्हणजे सगळे मेले असं नाही. उरलेल्यांना तुमची गोळी पचली असेल तर?"

मी लेकीला स्पीकरवर फोन लावला.

"आई, सकाळपासून थंडी वाजून ताप आलाय," ती म्हणाली. "तू परत गोळी देशील म्हणून बोलले नाही."

त्या मुलीचा उतरायचा स्टॉप मागे गेला, तरी ती उठली नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरला कॉल करा. गोळीचं नाव सांगते, लिहून घ्या."

ती एकेक अक्षर सांगत होती, आणि गल्लीभर डॉक्टरीण म्हणून मिरवणारी मी तिला नीट वाचता यावं म्हणून स्ट्रिप धरून बसले होते.