भिंतीवरचे वडील

मालिकांमधला मेलेला बाप म्हणजे आमचा दिवंगतराव. हे नाव मीच ठेवलं. आता ते मलाच टोचतं, पण तेव्हा सगळे हसले आणि तोही हसला. सेटवर सामान मांडायचं काम माझ्याकडे. खुर्च्या, उशा, घड्याळं आणि दिवाणखान्यात गेलेल्या माणसाचा फोटो. मालिकेतल्या घरात एक तरी माणूस आधीच गेलेला लागतो, त्याशिवाय बाकीच्यांना उभं राहून रडायला जागा सापडत नाही. अशा अकरा घरांत मी ह्यालाच टांगलाय.

मुळात तो फोटोग्राफर. सोळाव्या वर्षी एका स्टुडिओत चिकटला. ओळखपत्रांचे फोटो काढता काढता निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून लोकांच्या सुरकुत्या घालवायला शिकला. मागचे पडदेही तोच रंगवायचा. बाग, जिना, खिडकीतून दिसणारा समुद्र. संध्याकाळी नाटकात काम करायचा. काम म्हणजे काय, तर पोस्टमन, दुसरा हवालदार, नाहीतर ‘साहेब, गाडी आली’ म्हणणारा नोकर. मोठी भूमिका म्हटली की त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि तो आमच्याकडे फोटो काढायला आला. एका मालिकेला बापाचा फोटो घाईने हवा होता. ह्याने चष्मा उतरवून, टायमर लावून स्वतःचाच काढला, कानशिलावरचे केस पांढरे केले, मागे पुस्तकांचं कपाट रंगवलं आणि तासाभरात आणून दिला. त्या दिवसापासून तो बाप झाला.

खरा संसार त्याने केलाच नाही. आई होती तोवर घरात दुसरं माणूस होतं. ती गेल्यावर उरल्या दोन खोल्या आणि एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. मी तिथे एकदाच गेलो. खुर्ची एकच होती, ती मला दिली आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्यानेच चहा प्यायला. समोरच्या भिंतीवर मात्र माणसांची ही दाटी! आमच्या चालू मालिकेतलं अख्खं कुटुंब. त्याची विधवा झालेल्या बाईंनी आणि त्याच्या लेकीचं काम करणाऱ्या मुलीने सेटसाठी आपले जुने फोटो दिले होते, त्यांत ह्याने स्वतःला बेमालूम बसवलं होतं. सेटला हवे होते चार. ह्याने केले होते चौदा.

“जास्तीचे कशाला रे?” मी विचारलं.

“असावेत. मुलगी सातवीत होती तेव्हा बाप कुठे होता, असं कोणी विचारलं तर?”

कोण विचारणार होतं, कपाळ! मला त्याची दया आली आणि ती आली म्हणून स्वतःचा रागही आला.

मालिकेला दोन वर्षं झाली आणि लेखकांच्या डोक्यात आलं की बाप मेलेलाच नाही. तो घरी परत येतो, दार वाजवतो, बायको दार उघडते आणि तो म्हणतो, “मी आलो.” ही बातमी मीच त्याला फोनवर सांगितली. त्याने ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाला, “हे काम मला हवंय. आजवर कोणाकडे काही मागितलं नाही, पण हे मागणार.”

आणि मागितलंही. दिग्दर्शकासमोर उभा राहून ते दोन शब्द म्हणून दाखवले. आवाज खणखणीत लागला. मी दाराशी होतो, तिथवर स्वच्छ ऐकू आलं.

दिग्दर्शक म्हणाले, “छान. पण राव, वाईट वाटून घेऊ नका. परत येणारा माणूस लोकांना ओळखीचा वाटला पाहिजे. आपण मोठा नट घेतोय. तेवढं सगळ्या फोटोंत त्यांचा चेहरा लावून द्या. तुमच्याइतकं सफाईदार कोणाला जमत नाही.”

“लोकांच्या लक्षात येईल की,” मी मध्येच तोंड घातलं.

“भिंतीवरच्या फोटोकडे कोण बघतं हो?”

त्याने बिघडवून द्यावं असं मला फार वाटत होतं. मी असतो तर एकेका फोटोत त्या नटाला तिरळा केला असता. ह्याने तीन दिवसांत काम आणून दिलं, केसाइतकीही चूक नाही. चार मागितले होते, त्याने चौदाच्या चौदा बदलले होते.

चित्रीकरणाच्या दिवशी मोठ्या नटाचा गुडघा दुखत होता आणि दारापर्यंत बारा पायऱ्या होत्या. पाठमोरं चालायला कोणीतरी हवं होतं. दिवंगतराव फोटो काढायला आलेलाच होता. त्याला कोट चढवला, चष्मा काढून घेतला. तो पायऱ्या चढला, दार वाजवलं. कॅमेरा त्याच्या पाठीमागे. बाईंनी दार उघडलं.

दोन वर्षं बाई त्या चेहऱ्यासमोर रडल्या होत्या. माणूस मात्र त्यांनी पाहिला नव्हता. चष्मा आणि कॅमेरा यांच्यामागे कोण आहे, हे कधी कोणी बघत नाही. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. “तुम्ही?” एवढंच म्हणाल्या.

“मी आलो,” दिवंगतराव म्हणाला.

“कट! अहो, पाठीला डायलॉग नसतो!” दिग्दर्शक ओरडले. सगळे हसले. मी हसलो नाही, हे इथे मुद्दाम लिहितो.

पुन्हा घेतलं. तो गप्प राहिला, बाई ठरल्याप्रमाणे रडल्या. मग त्याच्या अंगातला कोट काढून मोठ्या नटाला घातला. कोट एकच होता. “गरम आहे,” नट कुरकुरले. पुढचं सगळं त्यांच्यावर झालं. ‘मी आलो’, मिठी, लेकीचं धावत येणं.

शेवटी परत एकत्र आलेल्या कुटुंबाचा फोटो हवा होता. दिवंगतरावाने चष्मा लावला, तिघांना सोफ्यावर बसवलं. नटाचा हात बाईंच्या खांद्यावर ठेवायला सांगितला, लेकीला थोडं आत सरकवलं. एक काढला, बघितला, पुसला. दुसरा काढला, तोही पुसला. मी जवळ जाऊन पाहिलं. नट छान हसत होते, लेक हसत होती. बाईंची नजर भिंगाच्या जरा वर होती.

त्याने तिसऱ्यांदा कॅमेरा उचलला आणि अगदी हळू म्हणाला, “बाई, माझ्याकडे नको. कॅमेऱ्यात बघा.”