पूजेला बसलेलं तिकीट

हंबीरराव जगताप गावाला निघाले की आधी झेरॉक्सच्या दुकानात जातात, हे बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हैसूरला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं तरी तिकिटाच्या तीन प्रती. एक पिशवीत, एक शर्टाच्या आतल्या खिशात आणि एक घरी, देवघराच्या फळीवर. "पिशवी हरवली तर खिसा, खिसा कापला तर घर!" घरी राहिलेली प्रत गाडीत बसलेल्या माणसाच्या काय कामाची, असं नात अक्षराने एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं काही बघितलं की पोरीने तो विषयच सोडला.

पिशवी काळ्या रेक्झिनची. चेन तुटलेली म्हणून नाडीने बांधलेली. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये हंबीररावांनी फिटर म्हणून उभी हयात काढली, तेव्हा तिच्यातून डबा जायचा. निवृत्त झाल्यावर तिच्यात कागद आले. आधारकार्ड, पेन्शनचं कार्ड, जुनी-नवी तिकिटं, लाइटची बिलं, काय नाही ते विचारा! बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचं मतदानाचं ओळखपत्रही या पिशवीतच होतं. ते का, एवढं मात्र कोणी विचारत नसे.

गेल्या दसऱ्याला घोटाळा झाला. धारवाडच्या गाडीत तिकीट तपासनीस आला आणि हंबीररावांनी ऐटीत त्याच्या हातात आदल्या वर्षीचं तिकीट ठेवलं. मग लाइटचं बिल. मग कोणाच्या तरी बारशाची पत्रिका. अख्खा डबा हसायला लागला. घरी येऊन त्यांनी स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगितली आणि तिथेच फसले. महादेवपुऱ्याच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी त्यांची सून चंदना म्हणाली, "मामा, आता पुरे. यंदा सगळं फोनमध्ये."

आधी खूप कुरकुर झाली. फोन पडला तर? बॅटरी संपली तर? पण चंदनाने तिकीट, आधार, सगळं फोनमध्ये घालून दिलं, कुठे बोट लावायचं ते दाखवलं, आणि काय सांगावं, म्हातारा असा बदलला की बघत राहावं! भाजीवालीला तिकीट दाखव, शेजारच्या अक्कांना आधार दाखव. "कागद? छे छे! स्वल्प मॉडर्न व्हायला नको का माणसाने?" असं हेच आता दुसऱ्यांना सांगायला लागले.

हे धारवाडला जाणं म्हणजे सहज म्हणून जाणं नव्हतं. तिथे त्यांची थोरली बहीण जमनाबाई, म्हणजे त्यांची अक्का, मुलाकडे राहते. आई लवकर गेल्यावर हंबीररावांना तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. दरवर्षी दसऱ्याला पहाटेची गाडी धरायची, दुपारी तिच्या हातात सोनं ठेवायचं, पाया पडायचं, हा नेम कधी चुकला नव्हता. आपटा बंगळूरात शोधायचा कुठे, म्हणून या घराने पिढ्यान् पिढ्या शमीवर भागवलेलं. कानडीत तिला बन्नी म्हणतात, पण जगतापांच्या घरात ते सोनंच. यंदा जमनाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग ताप आला, मग दवाखाना झाला. आणि परवा फोनवर ती म्हणाली, "हंब्या, येतोस ना रे?" इतक्या वर्षांत अक्काने कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून हंबीररावांच्या जिवाला घोर लागला होता. यंदा काही झालं तरी पोचायचंच.

आता खंडेनवमीचं सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. या घरात त्या दिवशी देवघरात हत्यारं मांडतात. पणजोबांची कट्यार, हंबीररावांचा कारखान्यातला पान्ह्यांचा संच, चंदनाची विळी, सगळं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारी ती उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हा नियम चालवण्यात हंबीरराव इतके कडक, की लग्न होऊन आल्यापासून चंदनाने या दिवशी भेंडी हाताने मोडून केली होती. कुरकुर केली की मामा म्हणणार, "आख्खं वांगं शिजत नाही का?"

यंदा चंदनाने आणि अक्षराने आपापल्या फोनला गंध लावून ते लगेच उचलले. हंबीरराव फणकारले. "देवाला काय उसनं देता? ठेवलं की ठेवलं!" आणि त्यांनी आपला फोन कट्यारीच्या शेजारी मांडला. आता तेच आपलं हत्यार नाही का? शिवाय म्हातारी रेक्झिनची पिशवी. इतकी वर्षं राबली बिचारी, तिलाही मान हवा. तिच्यावर झेंडूची माळ, फोनवर जास्वंद, दोघांना हळदकुंकू. हंबीररावांनी हात जोडले. मन कसं भरून आलं.

संध्याकाळी सामान भरताना चंदना सहज म्हणाली, "मामा, फोन चार्ज करून ठेवा हं. पहाटेची गाडी आहे."

हंबीररावांनी हातातला सदरा तसाच टाकला आणि देवघराकडे धाव घेतली.

तिकीट फोनमध्ये. फोन पूजेत. पूजा उतरणार उद्या दुपारी. गाडी पहाटे!

"घाबरू नका," चंदना म्हणाली. "माझ्या मेलवर तिकीट आहे. प्रिंट काढून आणा." हंबीरराव धावतच सुमंतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान उघडं होतं, दिवे लागले होते, आणि मशीनच्या गळ्यात हा एवढा मोठा हार! वर कोहळा. सुमंत बिचारा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आज मशीन पूजेला. उद्या दुपारनंतर या की." त्याच्याशी भांडायला हंबीररावांना तोंड होतं कुठे? उलट त्यांनीच "सरी, सरी, बरोबर आहे तुझं," म्हणून त्याची पाठ थोपटली आणि प्रसादाचे चुरमुरे खात रडवेल्या तोंडाने घरी आले.

घरी आल्यावर कळलं, की तिकिटाचं चंदनाच्या फोनवर एक वेळ जमेल, पण ओळखपत्र? ते पिशवीत. पिशवीवर झेंडू. चंदना म्हणाली, थांबा, आधार परत डाउनलोड करते, माझाच फोन घेऊन जा. तिने नंबर घातला, आणि देवघरातून आवाज आला, "टिंग!" ओटीपी आला होता. पूजेतल्या फोनवर. बरोबर जास्वंदीच्या खाली.

अक्षरा गुडघ्यांवर बसून वाकून वाकून बघायला लागली. "अज्जा, पहिले आकडे दिसतायत! बाकीचे फुलाखाली आहेत. एक फुंकर मारू?"

"देवावर फुंकर मारतात? अगं कार्टे!"

"मग आता तुम्हीच पूजेत जाऊन बसा!"

चंदनाने तोंडाला पदर लावला. पण हंबीरराव हसले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, "राहू दे. दसरा झाल्यावर जाईन." त्यांचा चेहरा असा उतरला की अक्षराचंही हसू थांबलं. इतक्या वर्षांचा नेम मोडणार होता, तोही यंदा, अक्काने तोंडाने विचारलं असताना. 

तेवढ्यात पूजेतला फोन वाजायला लागला. ती सनई फक्त अक्काच्या फोनला लावलेली. फोन थरथरत होता, जास्वंद हलत होती, आणि हंबीरराव समोर हात जोडून उभे. उचलायची सोय नाही! वाजून वाजून तो थांबला आणि मग चंदनाचा फोन वाजला.

"हंब्या फोन का उचलेना गं? बरा आहे ना?"

चंदनाने स्पीकर लावला आणि सगळी रामकहाणी सांगितली. पलीकडून आधी खोकला आला, मग हसू, मग इतकं हसू की जमनाबाईला ठसका लागला.

"अरे शहाण्या," ती म्हणाली, "आपल्यात हत्यारं पूजेला का बसवतात? दसऱ्याला उचलून सीमेपार जायचं म्हणून ना? आपले आबा दुपारी सीमोल्लंघनाला जायचे, म्हणून पूजा दुपारी उतरायची. तुझं सीमोल्लंघन कधी?"

"पहाटे," हंबीरराव पुटपुटले.

"मग पहाटे उतरव की पूजा!"

"पण अक्का, आजवर दुपारीच..."

"आजवर तुझं हत्यार घरीच राहायचं रे! यंदा ते घेऊन निघायचंय." मग तिचा आवाज खाली आला. "ये रे बाबा. मी वाट बघतेय."

थोरल्या बहिणीचा शब्द. तो मानायचाच. पहाटे अंघोळ करून त्यांनी अक्षता टाकल्या, साग्रसंगीत पूजा उतरवली, आणि हत्यारांतलं पहिलं हत्यार चंदनाने उचललं. विळी! भल्या पहाटे तिने उपम्याचा कांदा असा काही चिरला की जणू तिचाच दसरा आधी उजाडला होता.

गाडीत तपासनीस आला. हंबीररावांनी फोन काढला, पण बोटालाही गंध आणि काचेलाही गंध, फोन काही केल्या उघडेना. "अज्जा, आयुधपूजा?" तपासनिसाने विचारलं. "हो," म्हणत हंबीररावांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली. तिकीट उघडलं, मग झेंडूच्या पाकळ्या झटकत पिशवीतून आधारही काढलं. तपासनिसाने दोन्ही बघितलं, आणि परत देताना फोनला हात लावून तो डोळ्यांना लावला. डबा यंदाही हसला, पण यंदा हंबीररावही हसले.

दुपारी धारवाडला दारातच जमनाबाई खुर्ची टाकून बसली होती. डोळ्यांवर काळा चष्मा, अंग पार वाळलेलं. तिने तळहात पुढे केला. हंबीरराव वाकले, पिशवीत हात घातला आणि चाचपडतच राहिले. कागद होते, पाकळ्या होत्या, पण पुडी कुठे? फोन आणि पिशवीच्या धांदलीत सोनंच राहिलं!

पिशवी सगळी ओट्यावर ओतली, तोच फोन वाजला. चंदनाचा होता. "मामा, पोचलात? तुम्ही नक्की पिशवी उपसत असणार. तळाशी एक पुडी ठेवलीय, पण शहाळ्याच्या पाण्याच्या बाटलीखाली चेपून कागदांना चिकटली असेल, लगेच सापडणार नाही. शर्टाच्या आतल्या खिशात बघा. तिथे दुसरी ठेवलीय."

होती. आत पानं हिरवीगार, छातीच्या उबेने थोडी कोमट झालेली. हंबीररावांनी ती अक्काच्या हातात ठेवली आणि पायांवर डोकं टेकलं. दिसत नव्हतं म्हणून जमनाबाईने पानं बोटांनी चाचपली, कपाळाला लावली, आणि मग भावाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "मला वाटलं होतं यंदा तू यायच्या आधीच मी जाते की काय," ती म्हणाली. "भ्याले होते रे मी." हंबीरराव लहान मुलासारखे रडले, आणि मग दोघंही हसायला लागली.

फोन चालूच होता. "आणि तिसरी पुडी?" हंबीररावांनी नाक पुसत विचारलं.

"घरी. देवघराच्या फळीवर," आता अक्षरा बोलत होती. "घरची प्रत कशाला, ते मला कळलं अज्जा. ती मी घेणार आहे, तुमच्या हातून. लवकर या."